बंडीच्या खिशाएवढी बाग

गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या सोसायटीच्या जनरल बॉडीत मी हात वर केला होता. ठरावाच्या बाजूने. ठराव साधा होता. मागच्या कोपऱ्यातला, ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडचा मोकळा तुकडा साफ करायचा, तिथे पेव्हर ब्लॉक टाकायचे आणि चार गाड्यांचं पार्किंग काढायचं.

तुकडा म्हणजे फार काही नाही हो. वीस फूट बाय तीस फूट. एक बकुळीचं झाड, दोन सिमेंटचे बाक (त्यातल्या एकाची पाठ तुटलेली), चारपाच कुंड्या आणि कुणीतरी आणून टाकलेलं एक जुनं बेसिन. माझी नवी गाडी तेव्हा रस्त्यावर उभी असायची आणि दोन महिन्यांत तिला तीन ओरखडे पडले होते. त्यामुळे हात वर करताना मी क्षणभरही विचार केला नाही. ठराव तत्त्वतः मंजूर झाला, टाळ्या झाल्या, सामोसे आले.

त्या तुटक्या बाकावर रोज संध्याकाळी पाच ते सात माझे बाबा बसतात. रिटायर झाल्यापासून. ते आणि इतर तीनचार काका. बाबाही त्या दिवशी हॉलमध्ये होते. त्यांनी हात वर केला नाही, बाजूने नाही आणि विरोधातही नाही. घरी येताना जिन्यात एवढंच म्हणाले, "मतं बरीच पडली."

असो. आजचा विषय सोसायटीचं राजकारण नाही. आजचा विषय आहे एवढ्याशा जागेचं काय करता येतं, आणि ते आधी कोणी, कधी, कसं केलं त्याचा इतिहास. पण हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो त्या वर केलेल्या हातामुळे, म्हणून आधीच सांगून टाकलं.

*

ऑगस्टमध्ये मला ऑनसाईट जावं लागलं. मुक्काम न्यू जर्सीत, क्लायंटचं ऑफिस मॅनहॅटनमध्ये. रोज सकाळी ट्रेन, मग भुयारी रेल्वे, मग लिफ्ट. दुपारच्या जेवणासाठी डबा नेत असे (पोळी-भाजी रोलच्या रूपात), पण क्युबिकलमध्ये बसून खायचा कंटाळा यायचा. एक दिवस पूर्व ५३व्या रस्त्यावरून चालत होतो. फिफ्थ अव्हेन्यू आणि मॅडिसनच्या मध्ये, दोन उंच इमारतींच्या फटीत, पाण्याचा आवाज आला. आत वळलो आणि पाहतच राहिलो.

समोर पूर्ण रुंदीची, वीस फूट उंच पाण्याची भिंत. दोन्ही बाजूंच्या भिंती वेलींनी झाकलेल्या. डोक्यावर झाडांचं विरळ, हलतं छत. खाली दगडी फरशी आणि तिच्यावर इकडेतिकडे तारेच्या खुर्च्या आणि छोटी गोल टेबलं. माणसं डबे खात होती, पुस्तक वाचत होती, दोघंजण चक्क डुलक्या काढत होते. कोणी "काय हवंय?" विचारायला आलं नाही. मी बसलो, रोल काढला.

ही जागा म्हणजे पेली पार्क. बेचाळीस फूट बाय शंभर फूट. आपल्या हिशोबात चार गुंठ्यांनाही थोडी कमी. कोथरूडमधला एखादा जुना बंगल्याचा प्लॉट असतो ना, तेवढी. आणि तरीही लहान शहरी बागांबद्दल लिहिणारा कोणीही माणूस या बागेचं नाव घेतल्याशिवाय पुढे जात नाही.

तिथे दुपारचे साडेबारा म्हणजे पुण्यात रात्रीचे दहा. मी तिथूनच घरी फोन लावला. बाबांनी पहिला प्रश्न विचारला, "पाऊस पडतोय का तिकडे?"

तो पाण्याचा आवाज होता. मिनिटाला १,८०० गॅलन, म्हणजे साधारण ६,८०० लिटर पाणी त्या भिंतीवरून खाली येतं (अर्थात तेच पाणी पंपाने पुन्हा वर जातं). बाहेर रस्त्यावर हॉर्न, बस, सायरन सगळं चालू असतं, पण आत ऐकू येत नाही. गंमत म्हणजे आतला आवाज बाहेरच्यापेक्षा कमी नाही, उलट जास्त आहे. फक्त तो आपल्याला आवाज वाटत नाही. मला हे फार आवडलं. गोंगाट थांबवता येत नसेल तर त्याच्यावर दुसरा, बरा आवाज पांघरायचा!

मग काय, त्या विकांताला बाहेर कुठे गेलो नाही. जालावर आणि लायब्ररीत बसून या बागेची कुंडली काढली.

*

१९६५ पर्यंत या जागेवर स्टॉर्क क्लब होता. सिनेतारे, श्रीमंत मंडळी आणि त्यांच्याबद्दल लिहिणारे पत्रकार यांचा न्यूयॉर्कमधला सगळ्यात गाजलेला अड्डा. तो बंद पडला, इमारत पाडली गेली, आणि जागा घेतली विल्यम पेली यांनी. हे सीबीएस या रेडिओ-टीव्ही कंपनीचे सर्वेसर्वा. त्यांना आपल्या वडिलांच्या, सॅम्युएल पेली यांच्या नावाने काहीतरी करायचं होतं. पुतळा नको, हॉल नको, बाग करू या म्हणाले. २३ मे १९६७ ला ती लोकांसाठी उघडली.

आरेखन केलं रॉबर्ट झायन आणि त्यांच्या झायन अँड ब्रीन या फर्मने. झायन साहेबांच्या डोक्यात ही कल्पना आधीपासून होती. १९६३ मध्ये त्यांनी एका प्रदर्शनात अशा छोट्या बागांचा आराखडा मांडला होता. मध्य मॅनहॅटनमध्ये मोठी बाग करायला जागा नाही, मग पन्नास बाय शंभर फुटांच्या प्लॉटवर का करू नये? त्यांचा विचार सरळ होता. बागेकडे रानाचा तुकडा म्हणून न बघता खोली म्हणून बघा. खोलीला भिंती लागतात, तर शेजारच्या इमारतींच्या भिंती आयत्या आहेत, त्यांच्यावर वेली चढवा. खोलीला जमीन लागते, ती नीट फरशीची करा, हिरवळ नको, कारण एवढ्या पायांखाली ती आठवडाभरसुद्धा टिकणार नाही. खोलीला छत लागतं, ते झाडांचं करा. पेली पार्कमध्ये हनी लोकस्ट जातीची झाडं बारा-बारा फुटांवर लावली आहेत. त्याची पानं बारीक, आपल्या चिंच-गुलमोहरासारखी. ऊन पूर्ण अडत नाही, गाळून खाली येतं. आणि शेवटचं, खोलीत फर्निचर लागतं. ते हलवता येणारं हवं.

त्या वेळी पार्क खात्याचा या कल्पनेला विरोध होता. इतक्या लहान बागांची देखभाल परवडणार नाही, झाडलोट कोण करणार, रात्री कोण बसेल, गर्दुल्ले येतील, वगैरे वगैरे. (आमच्या जनरल बॉडीत "तिथे डास होतात" हा मुद्दा निघाला होता. माणसं सगळीकडे सारखीच!) बाग आणि क्रीडांगण म्हणजे एकरांमध्येच मोजायची गोष्ट, असा तो काळ होता.

इंग्रजीत या बागांना तेव्हा कोटाच्या आत घालायच्या बिनबाह्यांच्या जाकिटाच्या खिशाची उपमा दिली गेली. मराठीत मी तिला बंडीच्या खिशाएवढी बाग म्हणतो. आजोबांच्या बंडीला असायचा ना, तपकिरीची डबी आणि सुटे पैसे ठेवायचा, तो खिसा. लहान, पण हात सारखा तिथेच जायचा.

*

पेली पार्क प्रसिद्ध असलं तरी पहिलं नाही, हे वाचताना लक्षात आलं. त्याच्या आधीच्या दोन गोष्टी मला जास्त महत्त्वाच्या वाटतात.

पहिली अ‍ॅमस्टरडॅमची. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा त्या शहरात घरांच्या ओळींमध्ये खूप ठिकाणी दात पडल्यासारख्या फटी होत्या. ज्यू वस्तीतल्या माणसांना नाझींनी छळछावण्यांमध्ये नेलं होतं आणि १९४४-४५ च्या भुकेच्या हिवाळ्यात गारठलेल्या लोकांनी त्यांच्या रिकाम्या घरांतलं लाकूड जळणासाठी काढून नेलं होतं. घरं कोसळली, जागा उरल्या. १९४७ मध्ये नगरपालिकेच्या नगररचना विभागात, याकोबा मुल्डर या बाईंच्या हाताखाली, आल्डो व्हान आयक नावाचा एक तरुण वास्तुकार काम करत होता. वय अठ्ठावीस-एकोणतीस, म्हणजे आत्ता माझं आहे तेवढंच. (तो शहर बदलत होता, मी तिकिटं क्लोज करतोय. असो.) त्याला बर्टेलमानप्लाईन नावाच्या छोट्या चौकात मुलांसाठी खेळायची जागा करायचं काम मिळालं.

त्याने काय केलं? एक वाळूचा हौद, त्याला रुंद काँक्रीटची कड. त्यात काही गोल दगड. उलट्या उड्या मारायला लोखंडी दांड्या. बाजूने झाडं आणि बाक. संपलं. हत्ती नाही, घोडा नाही, बदकाच्या आकाराची घसरगुंडी नाही. त्याचं म्हणणं असं की वस्तू अशी द्या की मूल ठरवेल ती काय आहे ते. रुंद कड म्हणजे बसायची जागा, उडी मारायची जागा, दुकान मांडायची जागा, आणि आजीला टेकायची जागासुद्धा.

मग आजूबाजूच्या मोहल्ल्यांतल्या लोकांनी नगरपालिकेला पत्रं लिहायला सुरुवात केली, की आमच्या गल्लीत अशी एक जागा रिकामी आहे, आम्हालाही करून द्या. आणि नगरपालिका देत गेली! १९७८ पर्यंत अशा सातशेहून अधिक जागा झाल्या. एकाच माणसाच्या आरेखनातून, तेच मोजके सुटे भाग प्रत्येक जागेप्रमाणे वेगळे जुळवून. आपल्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर एक छोटी लायब्ररी आणि तिची सातशे इम्प्लिमेंटेशन्स. त्यातल्या थोड्याच आज मूळ रूपात उरल्या आहेत, पण एका पिढीचं बालपण त्यात गेलं.

दुसरी गोष्ट न्यूयॉर्कचीच, पण श्रीमंत ५३व्या रस्त्यावरची नाही. हार्लेमची. १९६५ मध्ये, म्हणजे पेली पार्कच्या दोन वर्षं आधी, पश्चिम १२८व्या रस्त्यावर रिकाम्या प्लॉटांवर छोट्या बागा केल्या गेल्या. नगरपालिकेने नाही, तर शहरातल्या एका नागरिक संस्थेने आणि तिथल्या चर्चच्या पाद्री लिनेट विल्यमसन या बाईंनी. इमारत पडलेली, कचरा साठलेला, त्यात मुलं खेळत होतीच. तिथे मुलांसाठी एक, तरुणांसाठी एक, मोठ्यांसाठी एक, असं वयाप्रमाणे वाटून दिलं. त्यानंतर १९६६ मध्ये नवे महापौर लिंडसे आले, त्यांनी थॉमस होव्हिंग यांना पार्क आयुक्त नेमलं, आणि खात्याचं छोट्या बागांबद्दलचं मत एकदम बदललं.

म्हणजे गोष्ट एकाच वेळी दोन टोकांनी सुरू झाली. एका टोकाला पैसा होता, दुसऱ्या टोकाला गरज. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

*

आता माझ्या आवडत्या माणसाकडे येतो. विल्यम व्हाईट. हा वास्तुकारही नव्हता, नगररचनाकारही नव्हता. पत्रकार होता. फॉर्च्यून मासिकाचा संपादक, १९५६ मध्ये मोठ्या कंपन्यांतल्या नोकरदार माणसावर त्याने लिहिलेलं पुस्तक खूप गाजलं होतं. (ते आपण सगळ्यांनी वाचावं असं आहे. वाचून राजीनामा देऊ नये, एवढंच.)

त्याची पार्श्वभूमी अशी. १९६१ मध्ये न्यूयॉर्कने नवा बांधकाम नियम आणला. बिल्डरने इमारतीच्या पायथ्याशी लोकांसाठी मोकळा चौक ठेवला तर त्याला वर जास्त बांधायला मिळेल. एक चौरस फूट चौक, त्या बदल्यात दहा चौरस फूट जादा बांधकाम. आपल्याकडे एफएसआय म्हटलं की ज्यांचे कान टवकारतात त्यांना कळलंच असेल की पुढे काय झालं. प्रत्येक बिल्डरने चौक दिला. १९७२ पर्यंत जगातली सगळ्यात महागडी वीस एकर मोकळी जागा तयार झाली. आणि त्यातली बरीचशी ओस पडलेली! गुळगुळीत दगड, मधे एखादं न कळणारं शिल्प, आणि बसायच्या प्रत्येक कडेवर लोखंडी खिळे. स्पेकमध्ये "मोकळी जागा" लिहिलं होतं, ती दिली. माणसं यावीत असं स्पेकमध्ये नव्हतं. आपल्यापैकी कोणाला हा प्रकार ओळखीचा वाटला तर माझा दोष नाही :)

व्हाईटने १९७० च्या सुमाराला काही विद्यार्थी हाताशी धरले, वेळ-अंतराने चित्र टिपणारे कॅमेरे गच्च्यांवर लावले आणि माणसं काय करतात ते नुसतं बघत बसला. मते विचारली नाहीत. लॉग वाचले. सोळा चौक, तीन छोट्या बागा आणि आणखी काही जागा. १९८० मध्ये त्याचं छोटंसं पुस्तक आणि जवळपास तासाभराची फिल्म आली. फिल्म जरूर बघा, त्याचा कोरडा विनोद भारी आहे.

त्याला काय सापडलं? आधी वाटलं ऊन असेल तिथे माणसं येतात. मग वाटलं जागेचा आकार, मग वाटलं क्षेत्रफळ. काहीच जुळेना. शेवटी जे जुळलं ते इतकं साधं होतं की सांगायलाही लाज वाटावी. जिथे बसायला जागा असते तिथे माणसं बसतात.

दुसरं, माणसांना सगळ्यात जास्त काय ओढतं, तर दुसरी माणसं. तोंडाने सगळे म्हणतात की आम्हाला निवांत कोपरा हवा. पण प्रत्यक्षात गप्पा मारायला लोक थांबतात ते बरोबर वाटेच्या मधोमध, वर्दळीत. (आठवा आपल्या कोणत्याही लग्नाचं हॉल. जेवणाच्या रांगेचं तोंड अडवून कोण उभं असतं?) तिसरं, खायला-प्यायला मिळालं की जागा जिवंत होते. चौथं, बायकांचं प्रमाण बघा. जिथे बायका निश्चिंत बसतात ती जागा बरी, जिथे त्या दिसत नाहीत तिथे काहीतरी बिघडलंय.

आणि पाचवं माझं सगळ्यात लाडकं. सुटी खुर्ची. व्हाईटच्या फिल्ममध्ये माणूस येतो, खुर्ची धरतो, चारसहा इंच सरकवतो, आणि मग बसतो. कधी कधी ती होती तिथेच परत येते. ऊन तेच, सावली तीच. मग का सरकवली? तर "ही माझी" म्हणण्यासाठी. शेजारी अनोळखी माणूस असेल तर खुर्ची जराशी वळवून "तुमच्या खाजगीत मी नाही" असं न बोलता सांगता येतं. फिक्स बाकावर हे काहीच जमत नाही. बाक ठरवतो तुम्ही कोणाकडे तोंड करायचं. मग मी पेली पार्कमध्ये आठवडाभर हेच बघत बसलो. खरंय राव. मी स्वतःसुद्धा सरकवत होतो!

खुर्च्या चोरीला जातील, मोडतील, अशी भीती सगळ्यांना होती. पेली पार्कमध्ये नासधूस फारशी झालीच नाही. आणि व्हाईटचं काम नुसतं पुस्तकात राहिलं नाही. १९७५ मध्ये न्यूयॉर्कने नियम बदलला. चौकाच्या दर तीस चौरस फुटांमागे एक फूट बसायची जागा द्यायलाच हवी, झाडं हवीत, आणि चौक रस्त्याच्या पातळीपासून तीन फुटांपेक्षा वर किंवा खाली नको. कारण डोळ्यांना न दिसणाऱ्या जागेत कोणी जात नाही आणि मग नको ते लोक जातात. पेली पार्कला जेमतेम चार पायऱ्या आहेत. रस्त्यावरून चालताना आतली झाडं दिसतात, पाणी ऐकू येतं. आत जायचा निर्णय तुम्ही घ्यायच्या आधी पाय घेतात.

*

इथपर्यंत गोष्ट छान आहे. आता न आवडणारा भाग.

आयटीत आपल्या सगळ्यांना नवीन डेव्हलपमेंटचं प्रोजेक्ट हवं असतं. मेंटेनन्स म्हटलं की तोंड वाकडं. बागांचंही तसंच आहे. फीत कापायला सगळे येतात, पान झाडायला कोणी नाही. साठ-सत्तरच्या दशकांत अमेरिकन शहरांत सरकारी किंवा देणगीच्या पैशातून ज्या छोट्या बागा घाईघाईने उभ्या राहिल्या, त्यातल्या बऱ्याच काही वर्षांत पुन्हा कचऱ्याचे प्लॉट झाल्या. पार्क खात्याची १९६३ मधली शंका खोटी नव्हती. पेली पार्क टिकलं, कारण त्याच्या मागे कायमचा ट्रस्ट आहे, रोज झाडणारा माणूस आहे, रात्री बंद होणारं दार आहे. १९९९ मध्ये ती बाग जवळजवळ पूर्ण उखडून जशीच्या तशी पुन्हा बांधली. किती जणांना हे परवडेल?

ज्यांच्याकडे पैसा नव्हता त्यांनी दुसरा रस्ता शोधला. १९७३ मध्ये लिझ क्रिस्टी नावाची एक चित्रकार बाई आणि तिचे मित्र बावरी आणि हाऊस्टन रस्त्यांच्या कोपऱ्यावरच्या कचऱ्याने भरलेल्या प्लॉटमध्ये घुसले, राडारोडा उपसला, माती आणली, लावणी केली. स्वतःला "हिरवे गनिम" म्हणवून घेत. (गनिमी कावा बागेसाठी! आपल्याला समजायला काहीच अडचण नाही.) पुढच्या वर्षी शहराने ती जागा त्यांना महिना एक डॉलर भाड्याने दिली. ती बाग आजही आहे. तिथे ट्रस्ट नाही, पाण्याची भिंत नाही. तिथे आळीपाळीने पाणी घालणारी माणसं आहेत.

पण जमीन स्वतःच्या नावावर नसेल तर काय होतं, तेही त्याच शहराने दाखवलं. १९९९ मध्ये नगरपालिकेने अशा शंभराहून अधिक लोकबागा लिलावाला काढल्या. वीसवीस वर्षं खपून लोकांनी फुलवलेल्या. शेवटी अभिनेत्री बेट मिडलर यांची संस्था आणि आणखी एक जमीन वाचवणारी संस्था यांनी पैसे भरून त्या सोडवल्या. नाहीतर गेल्याच होत्या.

आणि त्या बोनसवाल्या चौकांचं काय झालं? २००० साली जेरोल्ड केडन यांनी सगळ्यांची मोजदाद केली. ५०३ जागा भरल्या. त्यातल्या ४१ टक्के जागा लोकांच्या फारशा उपयोगाच्या नव्हत्या. कुठे कुलूप, कुठे हॉटेलने टेबलं मांडून बळकावलेली. वरचे जादा मजले मात्र सगळे जागच्या जागी होते. ते कोणी परत मागितले नाहीत.

पेली पार्कची धाकटी बहीण म्हणजे पूर्व ५१व्या रस्त्यावरचं ग्रीनएकर पार्क. १९७१ चं, हिदेओ सासाकी यांच्या फर्मने केलेलं, तिथेही पंचवीस फुटांचा धबधबा. एकदा डबा घेऊन तिथेही जाऊन आलो. २०१७ मध्ये त्या भागात आणखी उंच इमारतींना परवानगी द्यायचं ठरलं, तेव्हा या बागेला न्यायची भीती होती ती एकाच गोष्टीची. ऊन. बाग तशीच राहील, झाडं तशीच राहतील, पण सूर्य येणार नाही. चार-सहा गुंठ्यांच्या जागेसाठी आकाशातल्या उजेडाचं भांडण! तेव्हा मला हसू आलं होतं. आता येत नाही.

*

डिसेंबरमध्ये परत आलो. गाडीला चौथा ओरखडा पडला होता, हे नोंदीसाठी.

आमचा कोपरा अजून तसाच आहे. बकुळीचं झाड तोडायचं तर महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि तो अर्ज कमिटीने अजून केलेलाच नाही, म्हणून काम अडलं. पण आता कंत्राटदाराचं दरपत्रक आलंय आणि येत्या रविवारी विशेष सभा आहे.

परवा संध्याकाळी पाच वाजता मी खाली जाऊन नुसता बघत बसलो. व्हाईटसारखा, फक्त कॅमेरा नव्हता. दोन तासांत अकरा माणसं आली. चार काका, माझे बाबा धरून. तळमजल्यावरच्या आजी, वॉकर घेऊन. त्या सोसायटीच्या फाटकाबाहेर जातच नाहीत, फुटपाथच नाही तर जाणार कुठे? कामाला येणाऱ्या दोन मावशी, बस येईपर्यंत दहा मिनिटं. तीन पोरं, बकुळीची फुलं गोळा करत. आणि एक कॉलेजची मुलगी फोनवर, झाडाच्या आड. चार गाड्या तिथे उभ्या राहिल्या असत्या तर त्या दिवसाचे तेवीस तास नुसत्या उभ्या राहिल्या असत्या. हे गणित मे महिन्यात मला येत नव्हतं असं नाही. मी मांडलंच नव्हतं.

आणि खरं सांगायचं तर हे आपल्याला न्यूयॉर्कने शिकवायची गरज नव्हती. गावाच्या मध्यावर वडाला किंवा पिंपळाला बांधलेला पार म्हणजे दुसरं काय? सावली, बसायला कड, येणाराजाणारा दिसतो, शेजारी चहाची टपरी. व्हाईटची यादी तिथे पूर्ण होते. आजोबांच्या गावी मी तो बघितलाय, त्यावर झोपलोय. शहरात येताना आपण तो बरोबर आणायचा विसरलो एवढंच.

मी एक पानाचा कागद तयार केलाय. धबधबा नाही, घाबरू नका. बकूळ ठेवायची. तिला दीड फूट उंच आणि दोन फूट रुंद दगडी कट्टा बांधायचा, म्हणजे कोणत्याही बाजूला तोंड करून बसता येईल, आणि आजींना उठताना त्रास होणार नाही. ट्रान्सफॉर्मरच्या कुंपणापासून अंतर सोडून जाळी आणि तिच्यावर वेल. रस्त्याच्या बाजूची मेंदी कापून कमरेएवढी करायची, म्हणजे आत कोण आहे ते दिसेल. एक दिवा. पाणी मुरेल अशी जमीन. आणि सहा हलक्या, सुट्या खुर्च्या. पार्किंगसाठी गाड्यांच्या खुणा तिरप्या आखल्या तर पुढच्या बाजूला दोन गाड्या जास्त बसतात, हेही टेप लावून मोजलंय. चार नाही, दोनच. त्यामुळे माझी बसेलच असं नाही.

सभेत हरायची शक्यता बरीच आहे. मे महिन्यात बाजूने पडलेल्या मतांमध्ये माझं होतं, आता एक कमी होईल इतकंच. सेक्रेटरीकाकांना फोन करून सांगितलं तर ते म्हणाले, "अरे, तूच तर पहिला हात वर केला होतास!" खरं आहे. नाही कसं म्हणू?

काल रात्री कागद बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून, आयुष्यभर ऑफिसात फायली वाचल्या तसा, पहिल्या ओळीपासून वाचला. मला वाटलं खूश होतील. खुर्च्यांच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "हे ठीक आहे. पण पाऊस आला की या उचलून आत कोण ठेवणार?"

साठ वर्षांचा सगळा इतिहास त्यांनी एका प्रश्नात संपवला. पार्क खात्याचा प्रश्न, हार्लेमचा प्रश्न, लिझ क्रिस्टीचा प्रश्न. जागा मिळते, पैसेही मिळतात. रोज संध्याकाळी खुर्च्या कोण उचलणार?

मी म्हटलं, "मी ठेवीन."

"आणि परत ऑनसाईट गेलास की?"

याचं उत्तर कागदात नव्हतं. बाबांनी खिशातून पेन काढलं आणि त्या ओळीपुढे बारीक अक्षरात स्वतःचं आणि इतर तीन काकांचं नाव लिहिलं. मग थोडा विचार करून माझंही लिहिलं. शेवटी.